चादरीला खाली कोण ओढतं?

वाचकांचे प्रश्न

गुरुत्वाकर्षण आणि भौतिकशास्त्रातली कोडी यांवरची सोपी पुस्तकं वाचताना कुठे अडलात ते कळवा, असं आम्ही वाचकांना विचारलं होतं. बरीचशी पत्रं एकाच रबरी चादरीपाशी अडलेली निघाली, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : ताणलेल्या रबरी चादरीवर जड गोळा ठेवला की खळगा पडतो आणि सोडलेली गोटी त्याच्याभोवती फिरते, हेच गुरुत्वाकर्षण, असं मी वाचलेल्या तिन्ही पुस्तकांत आहे. पण गोळा खाली दबतो तो पृथ्वीच्या ओढीनेच ना? मग गुरुत्वाकर्षण समजावायला गुरुत्वाकर्षणच वापरलं की! मला कळलं नाही, की लिहिणाऱ्याला?
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, फोंडा

उत्तर : तुम्हाला बरोबर कळलंय. चादरीची उपमा इथेच फाटते, आणि चांगला लेखक ती कुठे फाटते ते त्याच पानावर सांगून टाकतो. जो सांगत नाही, त्याची पुढची पानं जरा जपून वाचावीत.

चादरीचा याहून मोठा दोष वेगळा आहे. ती फक्त जागेची वक्रता दाखवते. हातातून सुटलेला आंबा खाली पडतो त्याला मात्र जवळजवळ सगळं कारण काळाची वक्रता आहे. एक हिशेब करून पाहा. चेंडू सरळ वर फेकलात, तो पाच मीटरवर, म्हणजे कौलांच्या आढ्यापर्यंत, जाऊन परत हातात आला. याला दोन सेकंद लागतात. जागेत त्याने दहा मीटर वाट कापली. सापेक्षतावादात काळही लांबीत मोजतात, एक सेकंद म्हणजे तीन लाख किलोमीटर. तेव्हा काळाच्या दिशेने चेंडूने सहा लाख किलोमीटर कापले. त्या सहा लाख किलोमीटरच्या वाटेला मधोमध फक्त पाच मीटरचा बाक आहे. असा बाक ज्या वर्तुळाचा असेल, त्याची त्रिज्या जवळपास एक प्रकाशवर्ष भरते. पृथ्वीजवळची वक्रता इतकी सौम्य आहे. ती जाणवते, कारण काळातली वाट फार लांब आहे.

काळाची ही वक्रता मोजताही येते. उंचावरचं घड्याळ खालच्यापेक्षा पुढे पळतं : दर मीटर उंचीला वर्षात साधारण ३.४ नॅनोसेकंद. चोर्ले घाटात सुमारे ८०० मीटरवर ठेवलेलं घड्याळ पणजीच्या घड्याळापेक्षा वर्षाला पावणेतीन मायक्रोसेकंद पुढे जाईल. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर अणुघड्याळाने अवघ्या एका मिलिमीटर उंचीतला फरक पकडला.

प्रकाशाच्या बाबतीत जागा आणि काळ यांचा वाटा निम्मा-निम्मा. सूर्याच्या कडेला घासून येणारा किरण १.७५ विकला वळतो (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). त्यातला निम्मा भाग काळाच्या वक्रतेचा, निम्मा जागेचा. २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात हे पडताळलं गेलं. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांची तुकडी त्यासाठी आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेली होती. ते बेट तेव्हा पोर्तुगिजांकडे होतं, गोव्यासारखंच.

वर्गात काही दाखवायचंच असेल, तर चादरीऐवजी चेंडू आणि कागदी पट्ट्या घ्या. ‘वक्र पृष्ठावरची सरळ रेषा’ म्हणजे काय, ते हाताला कळतं. पाच नंबरच्या फुटबॉलचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर असतो. त्याच्या मध्याभोवती दोरा बांधा, हे विषुववृत्त. पाच मिलिमीटर रुंदीच्या दोन कागदी पट्ट्या कापा, लांबी २० सेंटिमीटर. दोऱ्यावर पाच सेंटिमीटर अंतरावर त्यांची टोकं चिकटवा, दोन्ही दोऱ्याला काटकोनात. मग बोटाने दाबत पट्टी स्वतःहून जाईल तशी वर नेत चला. डावी-उजवीकडे वळवायची नाही. सुरुवातीला समांतर असलेल्या या पट्ट्या सतरा सेंटिमीटरवर एकमेकींना भेटतात. त्यांना कोणी ओढलेलं नसतं. पट्टी रुंद कापली तर एका कडेला चुण्या पडतात आणि ती भरकटते. फुटबॉलच्या शिवणीवरही हेच होतं, म्हणून गुळगुळीत प्लास्टिकचा चेंडू किंवा शाळेतला पृथ्वीगोल जास्त बरा.

जाता जाता : अशा ‘वाटां’च्या भूमितीवर १९३० च्या दशकात मोलाचं काम करणारे गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी मूळ गोव्याचे. इतिहासकार म्हणून त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक. हे काम मात्र आपल्याकडच्या सोप्या पुस्तकांत सहसा आढळत नाही.

प्रश्न : पुस्तकातला गुरुत्वत्वरणाचा ९.८ हा आकडा नववीच्या मुलांकडून लंबकाने काढून घेतला. दोरी ९९ सेंटिमीटर, २५ आंदोलनांना ४८ सेकंद. उत्तर आलं १०.६. तीनदा केलं, तीनदा तेच. चूक कुठे?
— शिक्षिका, डिचोली

उत्तर : चूक मोजणीत आहे, आणि तीनदा तीच झाली म्हणून उत्तरही तेच आलं. लंबक सोडताना मुलांनी ‘एक’ म्हटलं असणार. मग पंचविसावा आकडा उच्चारला तेव्हा आंदोलनं झाली होती चोवीस. ४८ ला २४ ने भागा : दोलनकाल बरोबर २ सेकंद. आता सूत्र (चार गुणिले पायचा वर्ग गुणिले लांबी, भागिले दोलनकालाचा वर्ग) ९.७७ देतं. मोजणीतली चार टक्क्यांची चूक वर्गामुळे उत्तरात आठ टक्के होऊन बसते.

पुढच्या वेळी असं करा. लंबकामागच्या भिंतीवर, तो शांत लटकलेला असताना त्याच्या रेषेत, खडूची उभी खूण करा. घड्याळ सोडण्याच्या क्षणी सुरू करू नका. लंबक खुणेवरून जाताना ‘शून्य’ म्हणून सुरू करा, कारण तिथे त्याचा वेग सर्वांत जास्त असतो आणि क्षण नेमका पकडता येतो. टोकाला तो रेंगाळतो आणि डोळा फसतो. पुन्हा त्याच दिशेने खुणेवरून गेला की ‘एक’. येताना एक आणि जाताना दोन मोजणारा गट वर्गात हमखास असतो. त्यांचं उत्तर ३९ च्या आसपास आलं की ओळखावं. आंदोलनं २५ ऐवजी ५० घ्या. बोटाची पाव सेकंदाची चूक ५० सेकंदांत अर्धा टक्का असते, १०० सेकंदांत पाव टक्का.

लांबीकडे त्याहून जास्त लक्ष हवं. दोरी खिळ्याला गाठ मारून टांगली तर फास सरकतो आणि लंबक नेमका कुठून झुलतो तेच कळत नाही. लाकडाच्या दोन सपाट तुकड्यांमध्ये दोरी चिमटून घट्ट आवळा. तुकड्यांची खालची कड हाच टांगणबिंदू. तिथपासून दोरीला लटकवलेल्या वजनाच्या, म्हणजे नटाच्या, मध्यापर्यंत मोजा, दोरीच्या गाठीपर्यंत नव्हे. दीड सेंटिमीटर राहून गेला तर उत्तर दीड टक्क्याने घसरतं. आणि मोजायचं ते वजन लटकल्यावर. गरीची नायलॉन दोरी भाराने ताणते. सुती दोरा आपल्याकडच्या जून-जुलैतल्या दमट हवेत सकाळ-दुपार लांबी बदलतो. शे-दीडशे ग्रॅमचा लोखंडी नट आणि मेणाचा हात दिलेला शिवणाचा जाड दोरा यांवर काम भागतं.

लंबक बाजूला किती ओढायचा? मीटरभर दोरीला १७ सेंटिमीटर म्हणजे दहा अंश, त्यापुढे नको. मुलांना मोठा झोका आवडतो, पण तीस अंशांवर दोलनकाल १.७ टक्क्यांनी वाढतो आणि उत्तर साडेतीन टक्क्यांनी पडतं. पंखा बंद ठेवा, हे सांगायला हवंच.

एवढं सांभाळून ९.७८ आलं तर पुस्तकातल्या ९.८१ शी जुळत नाही म्हणून खोडू नका. ९.८०६६५ हा ठरवलेला प्रमाण आकडा आहे, साधारण ४५ अक्षांशाचा. गोवा साडेपंधरा अक्षांशावर आहे. पृथ्वीचं फिरणं आणि मध्याशी फुगलेला आकार यांमुळे इथलं मूल्य ९.७८ च्या आसपासच असायला हवं. ध्रुवावर ते ९.८३ असतं. हा फरक लंबकानेच पहिल्यांदा उघडकीला आणला. १६७२ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे यांनी पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या केयेनला नेलेलं लंबकाचं घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं, आणि न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त तो पुरावा वापरला.

प्रश्न : पृथ्वीला सूर्याची ओढ चंद्राहून कितीतरी जास्त, असं पुस्तक म्हणतं. मग भरतीचं श्रेय चंद्राला का?
— खाजन शेती असलेले वाचक, दिवाडी

उत्तर : भरती ओढीने येत नाही, ओढीतल्या फरकाने येते. पृथ्वीच्या चंद्राकडल्या बाजूला ओढ थोडी जास्त, मध्याला मध्यम, पलीकडल्या बाजूला कमी. अलीकडचं पाणी पृथ्वीच्या पुढे जातं, पलीकडचं मागे राहतं, म्हणून दिवसाला दोन भरत्या.

आता आकडे. सूर्याचं वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट, अंतर ३८९ पट. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते : २ कोटी ७० लाखांना ३८९ ने दोनदा भागा, येतात सुमारे १७८. म्हणजे सूर्याची ओढ चंद्राच्या १७८ पट, पुस्तक खरं बोलतं. पण ओढीतला फरक अंतराच्या घनाने कमी होतो. आणखी एकदा ३८९ ने भागा : ०.४६. भरतीत सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोन्ही एका रेषेत येतात, १ अधिक ०.४६, अष्टमीला १ उणे ०.४६. उधाण आणि भांग यांतली तफावत इथून येते. सर्वांत मोठं उधाण तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येतं, कारण समुद्राला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो. मानशीची (खाजनात भरतीचं पाणी अडवणाऱ्या झडपेची) दारं तपासायची असतील, तर बिजेपर्यंत सैल सोडू नका.

‘तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास’ हा किनाऱ्यावरचा हिशेब तुम्हाला ठाऊक असेलच : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तो का चालतो? अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत भरतीची वेळ बारा तास सरकते, पंधरा तिथींत वाटली तर तिथीला ४८ मिनिटं, म्हणजे नेमक्या दोन घटका. पाऊण तास धरला की तिथीमागे तीन मिनिटं कमी पडतात आणि पंधरवड्याअखेर पाऊण तासाची चूक साचते. शिवाय बंदराबंदरागणिक आणि खाडीच्या आत वेळ मागेपुढे होते. मासेमारीला पाऊणपट पुरते. होडी गाळात रुतण्याची भीती असेल तर बंदराचं छापील कोष्टक पाहावं.

प्रश्न : हिंदी महासागरात ‘गुरुत्वाकर्षणाचा खड्डा’ आहे म्हणे. तिथे जहाज खाली जातं का? — वास्को

उत्तर : नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्राची सरासरी पातळी, पृथ्वीचा आदर्श लंबगोल धरून मोजली तर, सुमारे १०६ मीटर खाली आहे. पण हा उतार हजारो किलोमीटरवर पसरलेला, आणि पाणी त्या उतारावर वाहतही नाही. समुद्राची पातळी म्हणजेच ते पृष्ठ, जिथे ओढ सगळीकडे पृष्ठाला काटकोनात असते. जहाजाला ते सपाटच. तिथे वजनात पडणारा फरकही टक्क्याच्या शंभराव्या भागाहून कमी. १९४८ साली डच भूभौतिकशास्त्रज्ञ वेनिंग माइनेझ यांनी हा प्रदेश नोंदवला. २०२३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी त्याचं कारण मांडलं : पृथ्वीच्या प्रावरणातलं (कवचाखालच्या जाड थरातलं), आफ्रिकेकडून सरकत आलेलं, उष्ण आणि कमी घनतेचं द्रव्य. ‘खड्डा’ हा शब्द बातमीवाल्यांचा.

प्रश्न : म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुनी विज्ञानाची पुस्तकं स्वस्तात मिळाली. त्यातली कुठली कालबाह्य, कसं ओळखावं? — म्हापसा

उत्तर : मुखपृष्ठामागच्या पानावर आवृत्तीचं साल पाहा, पुनर्मुद्रणाचं नव्हे. अनुवाद असेल तर मूळ पुस्तकाचं. दहा वर्षांपूर्वीचं पुस्तक कालच छापलेलं असू शकतं.

मग शेवटची दोन प्रकरणं उघडा. न्यूटनचं प्रकरण शिळं होत नाही, शेवटची होतात. विश्वाचं वय ‘१००० ते २००० कोटी वर्षं’ असं ढोबळ दिलं असेल तर पुस्तक जुनं. आज ते १३८० कोटी धरतात. विश्वाचं प्रसरण मंदावतंय असं ठामपणे लिहिलं असेल, तर १९९८ च्या आधीचं. गुरुत्वीय लहरी ‘अजून थेट सापडलेल्या नाहीत’ असं असेल, तर फेब्रुवारी २०१६ पूर्वीचं. लहर पकडली गेली १४ सप्टेंबर २०१५ ला, जाहीर झाली पाच महिन्यांनी. कृष्णविवराचं फक्त काढलेलं चित्र आहे, छायाचित्र नाही, तर एप्रिल २०१९ च्या आधीचं. प्रतिद्रव्य (नेहमीच्या द्रव्याचं उलट विद्युतभाराचं जुळं) खाली पडेल की वर, हा प्रश्न उघडा ठेवला असेल, तर तो २०२३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत सुटला : प्रतिहायड्रोजन खालीच पडतो.

जुनं म्हणून टाकून मात्र देऊ नका. गुरुत्वाकर्षणाने द्रव्य कसं एकवटत जातं ते सांगणारं अमलकुमार रायचौधुरी यांचं १९५५ चं समीकरण किंवा सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये मांडलेला धक्का बसलेल्या कृष्णविवराचा ‘झणत्कार’, यांना जागा देणारं जुनं पुस्तक त्यांचा उल्लेखही न करणाऱ्या नव्या, चकचकीत पुस्तकापेक्षा कामाचं.

प्रश्न : फोनवर वाचलेल्या पुस्तकात गुरुत्व स्थिरांक ‘६.६७४ × १०-११’ असा छापलाय. दहा वजा अकरा? — मडगाव

उत्तर : घातांक खाली घसरलाय. तो दहाचा उणे अकरावा घात. ई-पुस्तकांत हे सर्रास होतं. दहाचा एकविसावा घात ‘१०२१’ होतो आणि वाचणारा हजार एकवीस समजतो. संशय आला की फोनमधल्या कॅल्क्युलेटरवर तपासा : स्थिरांक गुणिले पृथ्वीचं वस्तुमान (५.९७ गुणिले दहाचा २४ वा घात किलोग्रॅम), भागिले त्रिज्येचा वर्ग. त्रिज्या मीटरमध्ये, ६३,७१,०००. उत्तर ९.८२ यायला हवं. ९८ लाख आलं तर त्रिज्या किलोमीटरमध्ये टाकलीत.

अनुवादातले अंकही असेच पाहावेत. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे अब्ज, ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. बिलियनला ‘कोटी’ लिहून मोकळे झालेले अनुवाद आहेत. तिथे विश्व शंभर पटींनी तरुण होतं. आणि ‘कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये हा स्थिरांक मोजला’ असं वाचलंत तर समासात खूण करा. त्याने मोजली पृथ्वीची घनता, पाण्याच्या साडेपाचपट. स्थिरांक त्यातून पुढच्यांनी काढला.

प्रश्न : अंतराळस्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं, हे खरं ना? — पाचवीतला वाचक, साखळी

उत्तर : नाही रे बाळा, तिथे ते जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं एकत्रच पडत असतात, म्हणून तरंगल्यासारखी दिसतात. प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी भोक पाड, पाणी भर आणि झाकण न लावता अंगणात उंचावरून सोड. पडताना धार थांबते. झाकण लावलंस तर ती आधीच थांबेल आणि गंमत जाईल.

प्रश्न : गणिताची भीती वाटते, इंग्रजी जेमतेम. कुठून सुरू करू? — निवृत्त कर्मचारी, पेडणे

उत्तर : मराठीत जयंत नारळीकरांच्या ‘आकाशाशी जडले नाते’पासून. भाषा स्वच्छ आहे आणि आकडा कुठून आला ते ते सांगतात. एक ध्यानात असू द्या : महास्फोटाचा सिद्धांत नारळीकरांनी शेवटपर्यंत स्वीकारला नाही, तेव्हा विश्वाच्या उत्पत्तीवरची त्यांची मतं त्यांची म्हणून वाचावीत.

इंग्रजी थोडं चालत असेल तर रिचर्ड फाइनमन यांची १९६४ ची कॉर्नेलमधली सात व्याख्यानं ‘द कॅरेक्टर ऑफ फिजिकल लॉ’ या नावाने पुस्तकरूपात आहेत, त्यातलं पहिलं गुरुत्वाकर्षणावर. तेवढं एक वाचलं तरी पुष्कळ. स्टीफन हॉकिंग यांच्या १९८८ च्या ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’ या प्रसिद्ध पुस्तकात सूत्र एकच आहे, म्हणून ते सोपं समजून लोक आधी तेच घेतात. ते तिसरं घ्या. सूत्रं काढली म्हणून कल्पना हलक्या होत नाहीत, आणि चौथ्या प्रकरणाच्या आसपास बरेच वाचक ते मिटून ठेवतात.

विकत घेण्याआधी पाटो, पणजी इथल्या कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयात बसून दहा पानं वाचून पाहा. चादरीचं चित्र कुठल्या पानावर आहे ते शोधा आणि त्याखालचा परिच्छेद नीट वाचा.